ब्रेक ऑइलच्या बाटल्या

आमच्या जॉब कार्डावर 'ग्राहकाची तक्रार' असा एक रकाना असतो. दोन ओळींचा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, आधी अकोल्यात आणि आता अमरावतीत, काउंटरवर बसून मी तो रोज भरते. त्यात 'ब्रेक दाबल्यावर आवाज' नाहीतर 'एसी कमी थंड' एवढंच मावतं. माणसं प्रत्यक्षात जे बोलतात ते कुठे लिहिणार? ते मी घरी नेते आणि जेवताना सांगते. नवरा म्हणतो, "तुमच्या वर्कशॉपात गाड्या कमी आणि वल्लीच जास्त येतात!"

त्यातली पहिली वल्ली आमच्याच पगारावर आहे. वानखडे मिस्त्री. तीस वर्षं परतवाड्याला डिझेल जीपा दुरुस्त करण्यात गेली. आता रोज सकाळी चांदूर रेल्वेहून गाडीनं बडनेऱ्याला उतरतात आणि आमच्याकडे येतात.

पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत टेकवलं आणि मूठ कानाला लावली. जुनी सवय. बराच वेळ ऐकलं.

"म्याडम, हे चालू हाय का बंद?"

"चालू आहे, मिस्त्री."

परत कान लावला. मग स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला.

"मंग मेली तं समजन कसं?"

*

इलेक्ट्रिक गाडीला सर्विसिंग लागत नाही, हे ज्यानं पहिल्यांदा पसरवलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा! इंजिन ऑइल नसतं, हे खरं. पण कूलंट असतं, फिल्टर असतो, टायर असतात आणि ब्रेक ऑइल असतं. ते आम्ही दर दोन वर्षांनी बदलतो. गाडी चालो की उभी राहो, ते हवेतलं पाणी ओढतच असतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं. हे मी दिवसातून दहादा सांगते. लोक मान हलवतात आणि विचारतात, "पण इंजिनच नाही ना म्याडम?"

अकोल्यात असताना बाळापूरचे एक गावंडे काका गाडी घेऊन आले. शेतकरी माणूस, गाडी मुलानं घेऊन दिलेली. आमच्याकडच्या जुन्या ग्राहकांची एक पद्धत आहे. गाडीशेजारी स्टूल टाकून बसायचं, ऑइल डोळ्यांदेखत बदलून घ्यायचं आणि काढलेलं जुनं ऑइल घरी न्यायचं. दाराच्या बिजागऱ्यांना, अवजारांना, वाळवी लागलेल्या लाकडाला, सगळ्याला ते चालतं.

काका स्टूल टाकून बसले. "काढा ऑइल."

"काका, या गाडीत इंजिन ऑइल नसतं."

"ऑइल नाही? मंग सर्विसिंग कायची करता?"

त्यांच्या गाडीचं ब्रेक ऑइल मात्र बदलायचं होतं. ते काढलं, तशी काकांची कळी खुलली. लगेच पाण्याची रिकामी बाटली पुढे केली. मी म्हटलं, "काका, हे नेऊ नका." ते बरं म्हणाले आणि मी फोन घ्यायला वळले तेवढ्यात घेऊन गेले.

आठ दिवसांनी हजर! मोबाईलवर घराच्या फाटकाचा फोटो. निळं फाटक, आणि बिजागरीपाशी हातभर पट्टा सोललेला. ब्रेक ऑइल रंग उतरवतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त काकांना नव्हतं.

"तुमचं तेल रंग खाते म्याडम!"

"मी नेऊ नका म्हटलं होतं ना, काका?"

"म्हटलं. पण काहून नेऊ नका, ते कुठी सांगतलं?"

चूक माझीच होती. तेव्हापासून मी कारण आधी सांगते आणि नकार नंतर देते.

काका जायला निघाले, दारातून परत आले. "अजून एक बाटली हाय का? ट्रॉलीचा जुना रंग काढाचा हाय."

*

या प्रकारानंतर मी एक नियम केला. काढलेलं ब्रेक ऑइल कोणालाही द्यायचं नाही. बाटलीत भरायचं, त्यावर चिठ्ठी चिकटवून गाडीचा नंबर आणि तारीख लिहायची आणि महिन्याला जुनं ऑइल न्यायला गाडी येते तिच्यात द्यायचं. अमरावतीला आले तेव्हा हा नियम सोबत आणला.

वानखडे मिस्त्रींनी त्याचा वेगळाच उपयोग काढला. बाटल्या गोदामात न ठेवता त्यांनी खिडकीच्या फळीवर ओळीनं मांडल्या. ग्राहकानं 'कशाला बदलायचं?' म्हटलं की मिस्त्री दोन बाटल्या उचलतात. नवीन ऑइलची बाटली एका हातात, फळीवरची दुसऱ्या हातात. एक स्वच्छ, एक उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखी.

"यातलं कोनतं पाहिजेन?"

दहातले नऊ तिथंच तयार होतात. माझी दहा मिनिटांची भाषणं वाया गेली याचं मला थोडं वाईट वाटतं.

*

कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई येतात. फार शिस्तीच्या. त्यांनी आल्या आल्या अभिमानानं सांगितलं, "मी ब्रेकला पायच लावत नाही!"

इलेक्ट्रिक गाडीत हे जमतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतःच हळू होते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते. पण बाईंनी ब्रेक इतका वाचवला होता की चारही डिस्कवर गंज चढला होता. मिस्त्रींनी बोट फिरवून दाखवलं. बोट लाल.

"म्याडम, ब्रेक ठेवाले नाही देला, माराले देला हाय. आठवड्यातून तीनदा मोकळ्या रस्त्यावर चांगला दाबत जा."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार.

पंधरा दिवसांनी वर्कशॉपच्या नंबरवर एका म्हाताऱ्या बाईंचा फोन. "सुनेले ब्रेक माराले तुमीच सांगतलं काय?"

"हो आजी. गाडीसाठी चांगलं असतं ते."

"मले शनिवारी मारुतीच्या देवळात नेते ते. तुमी शनिवार काहाले देला?"

आम्ही शनिवारचा शुक्रवार करून दिला.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गर्दी असते. झेंडूच्या पाकळ्या एसीच्या जाळीत, टायरखालच्या लिंबाचा रस डिस्कवर. यात नवीन काही नाही.

पण एक गुरुजी आले. पौरोहित्य करतात, गाडीनं गावोगाव जातात. तक्रार होती, 'चार्जिंग होत नाही.' मिस्त्रींनी चार्जिंगचं झाकण उघडलं. आत हळद, कुंकू, अक्षता आणि वर व्यवस्थित एक फूल!

मी म्हटलं, "गुरुजी, इथे?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शक्ती जिथून येते तिथं पूजा नको?"

वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. मिस्त्रींनी वीज तोडली, रबरी हातमोजे चढवले आणि तासभर ब्रश घेऊन एकेक अक्षता वेचली. गाडी देताना हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पुढच्या वर्षी उंबरठ्यावर करा. गाभाऱ्यात नका जाऊ."

*

मिस्त्रींमुळे आमच्या मॅनेजरसाहेबांचं रक्त आटतं. एकदा साहेबांनी फर्मान काढलं की या महिन्यात येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला वायपर बदलायला सांगायचं. मी निमूटपणे सांगू लागले. मला नोकरी प्यारी आहे.

एक ग्राहक खात्री करायला थेट मिस्त्रींकडे गेला. "खराब झालेत का हो?"

मिस्त्रींनी वायपर उचलून पाहिले. "नाही बाप्पा. अजून एक पावसाळा काढतीन."

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर सगळं ऐकू येत होतं, कारण साहेबांचा आवाज तसाच आहे. मिस्त्रींचं उत्तरही ऐकू आलं.

"साहेब, खराब हाय तं मी सांगतोच. चांगलं हाय, त्याले खराब म्हनाले सांगू नका. तीस वर्षं गिऱ्हाइकाशी झूठ बोललो नाही. आता दात पडाच्या वयात कुठी शिकू?"

वायपरचं फर्मान त्याच दिवशी मागे घेतलं.

*

आणि आता मुळे वकील. बाटल्या पाहूनही न वळलेला तो दहातला एक माणूस. रिटायर झालेत, पण कोर्ट अंगातून गेलेलं नाही. महिन्यातून दोन शनिवार काकूंना घेऊन चिखलदऱ्याला जातात. वर कॉफी पितात आणि संध्याकाळच्या आत उतरतात.

ब्रेक ऑइलचं नाव काढलं की विचारायचे, "पुरावा काय?"

मिस्त्री बाटली दाखवायचे.

"ही दुसऱ्याच्या गाडीची. माझ्या खटल्यात चालणार नाही. माझ्या गाडीचा पुरावा दाखवा."

"काढल्याशिवाय दाखवू कसा?"

"पुराव्याशिवाय काढू कसा देऊ?"

तीनदा हेच झालं. तीनही कार्डांवर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून सही केली, 'समजावून सांगितले. अमान्य.'

मिस्त्री एरवी ग्राहक गेला की त्याला विसरतात. यांना विसरले नाहीत. शनिवार आला की हात पुसत पुसत म्हणायचे, "तो घाट मले ठाऊक हाय, म्याडम. वकीलसाहेब आज वर गेले असतीन." मलाही मग दुपारभर चैन पडत नसे. खोटं कशाला सांगू?

मागच्या हिवाळ्यात एका सोमवारी काकू एकट्याच आल्या. गाडी स्वतः चालवत. त्यांना गाडी येते हेच मला माहीत नव्हतं.

"ते ब्रेकचं तेल बदला," त्या म्हणाल्या. "गाडी धुवायला नेते म्हणून यांना सांगून आलेय."

मग त्यांच्याकडून सगळं कळलं. शनिवारी वरच्या हॉटेलात नवीन चार्जर दिसला म्हणून वकीलसाहेबांनी गाडी काठोकाठ चार्ज केली. आता बॅटरी भरलेली असली की उतारावर तयार होणारी वीज ठेवायला जागा नसते, आणि मग गाडी स्वतःहून हळू होत नाही. सगळा भार ब्रेकवर. ऑइल तापलं, त्यातलं पाणी उकळलं आणि अर्ध्या घाटात पेडल पोकळ झालं, दाबलं तरी ब्रेक लागेना. साहेबांनी गाडी डोंगराकडच्या नालीत घातली आणि ती घासत घासत थांबली. एवढं झालं म्हणून दोघं वाचले. तासाभरानं ऑइल निवलं, ब्रेक परत लागला आणि ते हळूहळू खाली आले.

"मला म्हणाले, माकड आडवं आलं," काकू म्हणाल्या.

"आलं होतं?"

"एकही नव्हतं. मी हो म्हटलं." पदरानं त्यांनी कपाळ टिपलं. "त्यांना कळू देऊ नका मी आले होते. फार लागेल त्यांना."

मिस्त्रींनी दुसऱ्या कोणाला गाडीला हात लावू दिला नाही. ऑइल स्वतः काढलं, नवीन भरलं, चारही चाकं तपासली. काढलेलं ऑइल फळीवरच्या कुठल्याही बाटलीपेक्षा काळं होतं. त्यांनी नंबर टाकला, तारीख टाकली आणि बाटली ओळीच्या शेवटी ठेवली.

मंगळवारी सकाळी शटर उघडतं न उघडतं तोच वकीलसाहेब दारात. एकटे.

नेहमीसारखे बसले नाहीत. माझ्या काउंटरपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "ते ब्रेक ऑइल बदलून टाका. आणि हे घरी कळता कामा नये. ती घाबरेल. तिला वाटतंय माकड आडवं आलं होतं."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढलं, आत पाहिलं. कालच भरलेलं, स्वच्छ. झाकण परत लावलं. मग ते फडक्यानं हात पुसत राहिले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

मी जॉब कार्ड ओढलं आणि साहेबांचं नाव उगाच फार सावकाश लिहू लागले.

"वानखडे," वकीलसाहेब म्हणाले, "इतके दिवस मी तुमच्याकडे पुरावा मागत होतो. आज जुनं तेल काढाल ते मला दाखवा. किती चुकलो ते बघायचंय मला."

मिस्त्रींनी बॉनेट लावलं. मग खिडकीपाशी गेले आणि ओळीतली शेवटची बाटली आणून त्यांच्या हातात दिली.

"हे घ्या, साहेब. तुमच्याच गाडीचं हाय."

साहेबांनी बाटली उजेडात धरली. आरपार काही दिसत नव्हतं. त्यांनी ती फिरवली. चिठ्ठीवरचा नंबर वाचला. तारीख वाचली, कालची. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि तारीख पुन्हा वाचली.

बाहेरून एक सिटी बस गेली.

मग त्यांनी बाटली दोन्ही हातांनी फळीवर जागच्या जागी ठेवली. माझ्यासमोरचं कार्ड उचललं, घडी घालून खिशात टाकलं. गाडीत बसले, काच खाली केली.

"वानखडे, मी आज इथे आलो नव्हतो."

मिस्त्रींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहत म्हणाले, "कोन, साहेब? सकाळपासून कोनी आलंच नाही!"