बिजलीचा शेक घेतलेल्या मुली

माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालायच्या. संकठा घाटामागच्या गल्लीत आमचं घर. पंगत केवढीही असो, वाढायला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. म्हणून १९९७ च्या हिवाळ्यात सोलापूरच्या एका आजोबांनी "बाई, भाजी फार खारट झालीय" असं म्हटलं, तेव्हा मी चमकून बघायला गेले. भाजी बरोबर होती, पण मीठ त्या भाजीवरच पडलं होतं. चटणी, कोशिंबीर, लिंबू, सगळी गर्दी पानाच्या एकाच बाजूला झाली होती आणि दुसरी बाजू कोरी होती. पुढची सगळी पानं तशीच.

"मी नीटच वाढलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग एकेक लक्षात येत गेलं. गल्लीत उजवीकडून येणारी सायकल त्यांना अंगावर येईपर्यंत कळत नसे. दाराची उजवी चौकट खांद्याला लागून लागून खांदा काळानिळा झाला होता. परात हवी असली की "ती पायरी दे" म्हणायच्या आणि स्वतःवरच चिडायच्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. पन्नाशीच्या आत, एवढ्या लवकर कसा, याचं त्यांनाही नवल वाटलं. ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा दिवे, भिंती, माझी साडी, सगळं लख्ख दिसू लागलं. पण उजवीकडचं काही दिसेना. डावा डोळा झाकला तरी नाही, उजवा झाकला तरी नाही.

"डोळे आता चांगले आहेत," डॉक्टर मला म्हणाले. "दोष डोळ्यांच्या मागे आहे. डोक्याचा फोटो काढावा लागेल."

फोटोत मेंदूच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ दिसली. ती मेंदूत नव्हती, मेंदूच्या आवरणातून वाढली होती आणि आत दाबत होती. शल्यचिकित्सक तरुण होते, बनारसचेच. त्यांनी सासूबाईंना एक प्रश्न विचारला, तो आम्हाला विचित्रच वाटला.

"अम्मा, बचपन में सिर पर कभी मशीन से सेंक हुई थी?"

सासूबाई म्हणाल्या, "हुई थी. बिजलीचा शेक."

त्या सात वर्षांच्या असताना काशीतच, माहेरच्या गल्लीतल्या मुलींच्या डोक्यात गजकर्ण झालं होतं. त्यावर तेव्हा गोळी नव्हती. एका दवाखान्यात मुलींना एकेक करून मोठ्या यंत्राखाली बसवलं आणि मान हलवायची नाही अशी ताकीद दिली. दुखलं काहीच नाही. दोन-तीन आठवड्यांनी सगळ्यांचे केस झडले, गजकर्ण गेलं, केस पुन्हा आले. आयांनी देवीला साडी वाहिली.

"ते एक्स-रेच होते," डॉक्टरांनी समजावलं. "त्या काळी सगळीकडे असाच इलाज करत. दोष कुणाचा नाही. पण मुलांच्या मेंदूचं आवरण नाजूक असतं. त्यावर पडलेले किरण कधी कधी तीस-चाळीस वर्षांनी गाठ उगवून दाखवतात. डोळ्यातलं भिंगही त्यांनी लवकर गढूळ होऊ शकतं."

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. गाठ पूर्ण निघाली आणि ती कर्करोगाची नव्हती. नजर मात्र लगेच आली नाही. सासऱ्यांचा धीर सुटत आला होता. एका सकाळी गच्चीवर पापड वाळत होते आणि सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी जिन्यात असतानाच त्यांचा आवाज ऐकला. "हट्, मेल्या!" उजव्या कठड्यावरून माकड उतरत होतं आणि ते त्यांना दिसलं होतं. त्यांनी चप्पल फेकली, ती त्याला लागली नाही, तरी आम्ही घरभर हसत सुटलो.

पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "बाकीच्या मुलींचं काय?"

"बहुतेकींना काहीही झालं नसेल. पण कुणाला त्रास असेल, तर आणा."

बहुतेक जणी लग्न होऊन लांब गेल्या होत्या. जवळ होती ती आनंदी. ती गंगेपलीकडे रामनगरात होती. तिच्याविषयी गेली दोन वर्षं आम्ही एकच ऐकत होतो, की तिचं डोकं फिरलंय. सासूबाई मला म्हणाल्या, "सुनीती, उद्या चल."

गंगेवरच्या तरंगत्या पिपांच्या पुलावरून आम्ही रामनगरात गेलो. आनंदीमावशी आतल्या खोलीत भिंतीकडे बघत बसल्या होत्या. एके काळी गल्ली डोक्यावर घेणारी ही बाई विचारल्याशिवाय बोलत नव्हती, आणि बोलली की तुसडेपणानं. उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं. आम्ही बसलो असताना चुलीवरचं दूध करपलं. वासानं मला ठसका लागला, त्यांची सून धावली. आनंदीमावशींच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तुला वास आला नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"कसला?"

त्यांचा मुलगा नरहर दुकानातून आला. तो वाईट नव्हता, थकलेला होता. "मावशी, सगळे इलाज झाले. मांत्रिकाची झाडफूक झाली, पागलपनच्या गोळ्या झाल्या. आता तिला कशाला छळायचं?"

सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल काढला. केस अजून बोटभरच होते आणि त्यांतून व्रणाची घोड्याच्या नालेसारखी खूण दिसत होती.

"हे बघ, नरहर. माझंही फिरलं होतं. कापून काढलं."

तो त्या व्रणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कधी न्यायचं?"

वास न येणं आणि एका डोळ्याचं जाणं ऐकूनच डॉक्टरांनी तातडीनं फोटो काढवला. कपाळामागे संत्र्याएवढी गाठ होती. स्वभाव, उत्साह, लाज, सगळं ज्या भागातून चालतं, तो भाग ती वर्षानुवर्षं चेपत होती. आनंदीमावशी वेड्या झाल्या नव्हत्या.

त्यांचं ऑपरेशन सासूबाईंच्यापेक्षा अवघड गेलं. उजवा डोळा परत आला नाही आणि वासही नाही. डावा वाचला. पण चौथ्या दिवशी परिचारिकेनं पेज भरवायला घेतली, तेव्हा मावशी स्पष्ट म्हणाल्या, "मीठ कुठाय हिच्यात? नरहर, तू चाखून तरी बघायचंस." नरहर वॉर्डाबाहेर जाऊन मोठ्यानं रडला आणि डोळे पुसून मीठ आणायला गेला.

होळीनंतर त्या स्वतःच्या पायांनी पूल ओलांडून आमच्याकडे आल्या. आता दोघी मिळून इतर मुलींना शोधू लागल्या. इंदूरला दिलेली सीता सापडली. फोनवर दोघी एकदमच बोलत होत्या, तिला काय कळलं देव जाणे, पण ती पुढच्या आठवड्यात गाडीतून उतरली. तिचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, "बिलकुल साफ."

"मेल्यांनो, उगाच घाबरवलंत मला," सीतामावशी बाहेर येऊन चिडल्या. आनंदीमावशींनी त्यांना धरून आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचोरीच्या दुकानात नेलं आणि बाकावर बसवलं. तिघींनी कचोरी मागवली, मग जिलेबी, मग आणखी जिलेबी. आणि सासूबाई दुकानदाराला सांगत होत्या की आज ह्या बाईच्या डोक्यात काहीही निघालेलं नाही.