आनंदाला भिणारा माणूस

हसून झालं की तो उजवा तळहात तोंडावर ठेवायचा आणि समोरच्याला विचारायचा, "जास्त झालं काय?"

स्वतःच्याच विनोदावर गडगडाटी हसणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. आपलं हसू प्रमाणात होतं की नाही याची चौकशी करणारा मी हा एकच पाहिला.

पेणला आमचं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी भलतंच उधाणतं आणि कधी पार खचतं, अशा मुलांचा आम्ही अभ्यास करत होतो. त्यांच्यापैकी कुणाला पुढे हा आजार होतो, कुणाला होत नाही, हे वर्षानुवर्षं पाहायचं. दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न. झोप कशी आहे? चिडचिड वाढली आहे का? विचारायचं काम माझं.

तो पेणजवळच्या कासू गावचा. घरी भातशेती, नोकरी नागोठण्याजवळच्या एका कंपनीत, शिफ्टची. पहिल्यांदा आला तेव्हा तिशीला टेकला होता. मी फॉर्म उघडायच्या आत म्हणाला, "ताई, मला कधी होणार तेवढं सांगा. बाकी काय नाय."

आजार त्याच्या आईला होता. तो आठ वर्षांचा असताना एका दुपारी "चल, तुला वाजवायची पेटी घेऊन देते" म्हणून तिने त्याला कासूहून पेणपर्यंत चालवत आणलं. चार रात्री झोपली नव्हती, तरी वाटभर गाणी म्हणत होती, भेटेल त्याला जेवायला बोलावत होती. पेणमध्ये पेटीचं दुकान काही सापडलं नाही. पुढे पंधरा दिवसांनी तिने भिंतीकडे तोंड केलं, ते भात कापून घरात आला तरी वळवलं नाही.

"माझ्या लहानपणीचा सगळ्यात भारी दिवस तो," तो म्हणाला. "आई खरंच खूश होती. म्हणून तर भ्या वाटतं. वाईट वाटलं तर मी घाबरत नाय ताई. चांगलं वाटलं की घाबरतो."

ढोलकी छान वाजवायचा, पण हात रंगात आले की मध्येच उठून ती दुसऱ्याच्या मांडीवर ठेवायचा. खांब गावच्या एका अंगणवाडीताईंचं स्थळ आलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. तरी दोन वर्षं हा होकार देईना आणि कारणही सांगेना. मला म्हणाला, "हे तुमच्या प्रश्नांत नाय ना? मग लिहू नका."

एका पावसाळ्यात अंबा नदी नागोठण्यात शिरली. तो आणि त्याचे सोबती दोन दिवस होडीतून माणसं काढत होते. पाणी ओसरल्यावर तो घरी गेला नाही. चिखलाने भरलेल्या कपड्यांनी तडक आमच्याकडे आला. डोळे तारवटलेले.

"ताई, झालं मला. दोन दिवस झोपलो नाय तरी दमलो नाय. आत नुसतं गाणं वाजतंय."

मी त्याला बाकावर बसवलं. सुदैवाने मुंबईहून येणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई त्या दिवशी तिथेच होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"किती माणसं काढलीत?"

"मोजली नाय. एक बाळंतीण होती. तिचं पोर माझ्या मांडीवरच झोपलं."

"मग गाणं वाजणारच. आधी जेवा, मग आडवे व्हा."

मी डबा पुढे केला. सगळा संपवून तो बाकावर कलंडला आणि सकाळी दहाचा संध्याकाळी पाचपर्यंत झोपला. उठला तो अंग दुखतंय म्हणून कण्हतच.

बाई म्हणाल्या, "तुमच्या आईला झोप येत नव्हती. तुम्हाला ती मिळाली नव्हती. दोन्हींत फरक आहे. तरी पंधरा दिवस लक्ष ठेवू. पुढे कधीच होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण आईला किंवा वडिलांना हा आजार असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. झालाच तर औषध आहे, आम्ही आहोत."

त्याने बाहीवरचा वाळलेला चिखल खरवडला. मग म्हणाला, "म्हणजे ती नुसतीच खुशी होती?"

"नुसतीच."

पंधरा दिवस नीट गेले. सोळाव्या दिवशी तो खांबला गेला आणि आईच्या आजाराचं सगळं सांगून मोकळा झाला. अंगणवाडीताईंनी विचारलं, "आई गोळ्या घेतात ना?"

"व्हय."

"माझ्या बाबांना दमा हाय. तुम्ही कधी विचारलंत?"

"नाय."

"मग?"

हे त्याने मला फोनवर सांगितलं. त्यातलं "मग?" त्याने तीनदा सांगितलं.

लग्नानंतर आईला घेऊन ते दोघं रोह्याला राहायला गेले. वर्षं गेली. आमच्या कामाची शेवटची फेरी आली, म्हणून ठरलेल्या दिवशी मीच त्याच्या घरी गेले. तो नव्हता. दार त्याच्या आईने उघडलं, चहाही त्यांनीच केला.

"पोरीला सायकल शिकवायला गेलाय गो," त्या म्हणाल्या. "आज तुझी तारीख होती काय? मला काय बोलला नाय."

मी तासभर थांबले. इतक्या वर्षांत तो एकदाही तारीख चुकला नव्हता. वादळ असो, शिफ्ट असो, दहा मिनिटं आधीच येऊन बसायचा. शेवटी फॉर्म काढला. प्रश्नांची पानं कोरीच ठेवली. "भेट न होण्याचे कारण" या रकान्यात लिहिलं, 'विसरला.' मग गार झालेला चहा प्यायले आणि निघाले.