आज कोणता आला

आईला वाटलं, माझ्या खोलीत कुणी परका माणूस आलाय. दुपार होती. ती बाहेर शेंगदाणे निवडत बसली होती, ते परातीत तसेच टाकून ती दारात आली.

"कोण हाय गं आत?"

"कुणी नाही. चाचणी चालू आहे माझी."

"माणूस बोलायलाय की."

टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड होता आणि त्याला एक छोटा स्पीकर जोडलेला. त्यातून जाड, घोगरा, सावकाश आवाज येत होता. "भोकर, हिमायतनगर, इस्लापूर मार्गे किनवटला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे." तिशीतल्या पुरुषाचा आवाज. दोन शब्दांमध्ये थांबून विचार करणाऱ्या माणसाचा.

मी बंद करायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. आई चौकटीला धरून खाली बसली.

"किनऽवट," ती हळूच म्हणाली. "असं त्योच म्हणायचा."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. अकरा वर्षांचा असताना तो गेला. बाबा एसटीत कंडक्टर होते, त्याच मार्गावर. आम्ही तेव्हा भोकरला राहायचो. तो तोंडाशी स्टीलचा पेला धरून दिवसभर गाड्यांची घोषणा करत हिंडायचा, आणि किनवट म्हणताना 'न' असा लांबवायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं. एकदा बाबांनी ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं. मग काही महिन्यांनी त्याला ताप आला, नांदेडला नेलं, चौथ्या दिवशी आम्ही त्याला परत आणलं. पुढे तो मोबाईलही बिघडला. आवाज गेला तो गेलाच, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

तो गेलेला नव्हता. मोबाईल बिघडायच्या आधीच मी एका दुकानात तेवढी फाईल काढून घेतली होती. सांगितलं नाही. आधी वाटलं, घर रडेल. नंतर वाटलं, इतकी वर्षं का लपवलीस म्हणतील. आणि मी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लागल्यावर तीच फाईल चाचणीसाठी वापरायची मला सवय लागली. त्यातला प्रत्येक श्वास मला पाठ होता, त्यामुळे यंत्र कुठं चुकलं की लगेच कळायचं. कानात हेडफोन असायचा, म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी मात्र स्पीकर जोडून बघावा लागला.

पुण्याची एक छोटी कंपनी शिकवणीच्या मोठ्या हॉलसाठी आवाजाचे डबे बनवते. सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत न घुमता पोचावा म्हणून. त्यांचं काम मी लातूरच्या भाड्याच्या दोन खोल्यांतून करते, आणि आई माझ्याजवळ असते. या डब्यातल्या चिपमध्ये दोन कोर आहेत, म्हणजे एकाच चिपमध्ये स्वतंत्र काम करणारे दोन मेंदू. एक आवाज आत घेऊन साफ करतो, दुसरा तो बाहेर पाठवतो. त्यांच्यासाठी आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. एक क्लॉक ठोके देत असतं आणि प्रत्येक ठोक्याला एक आकडा पुढे सरकतो. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार ठोके हवेत. त्या दुपारी ते निम्मेच पडत होते. तेच आकडे निम्म्या चालीनं बाहेर पडले, म्हणून लेकराचा आवाज खाली उतरून बाप्याचा झाला. भुताखेताचं त्यात काही नव्हतं. मी हे, फाईलचंसुद्धा, आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

मी वीज बंद करून पुन्हा चालू केली. या वेळी तो लहान होऊन आला. पातळ, घाईघाईचा, पेल्यात घुमणारा आवाज. आई दचकली. मोठ्याला ऐकून ती दचकली नव्हती.

दोष असा होता की तो कधी यायचा, कधी नाही. बोर्ड सुरू केला की कधी ठोके बरोबर, कधी निम्मे. असे दोष सगळ्यात वाईट, कारण तुम्ही बघायला गेलात की ते नसतात. मी स्कोपच्या, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ठोके मोजायचे, कोडाच्या ओळी वाचायचे, पुन्हा सुरू करायचे. पुण्याहून कंपनीतल्या मॅडमचा रोज सकाळी फोन यायचा.

"सापडलं का?"

"नाही अजून."

दुपारी जेवणं झाली की आई खोलीत यायची. खुर्ची ओढून भिंतीला टेकून बसायची आणि विचारायची, "आज कोणता आला?"

"दोनदा लहान. एकदा मोठा."

मोठा आला की ती डोळे मिटून ऐकायची. एकदा म्हणाली, "आवाज तर लई भारदस्त झालाय." झालाय, म्हणाली. मी पडद्याकडे बघत राहिले. माझ्याच खोलीत माझ्या पाठीमागं कुणीतरी उभं आहे, असं मला त्या दिवसांत वाटायचं. माझ्याहून उंच. मला ठाऊक होतं की तो आवाज कुणाचाच नाही. तरी मोठा आला की माझ्या मानेवर काटा यायचा, आणि लहान आला की वाईट वाटायचं.

मी आईला म्हटलं, "तुला हवाच असेल तर मी हा मोठा आवाज तुझ्या फोनमध्ये घालून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"का?"

"तू केलास तर तो तू केलेला. ह्यो आपसूक यायलाय."

तिनंच बाबांना बोलावून घेतलं. बाबा निवृत्तीनंतर भोकरलाच असतात, शेताकडे बघतात. ते सकाळच्या एसटीनं आले, पाय धुतले, चहा घेतला आणि खोलीत येऊन बसले. मी बोर्ड सुरू केला. पहिल्यांदा लहान आला. बाबांनी मान खाली घातली. ही फाईल माझ्याकडे कशी, हे त्यांनी विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. मी पुन्हा सुरू केला. लहानच. चौथ्या खेपेला मोठा आला.

बाबांनी घोषणा शेवटपर्यंत ऐकली.

"ह्यो त्यो न्हाई," ते म्हणाले.

आई म्हणाली, "तुम्हाला काय ठाऊक? मोठा झाल्यावर कसा बोलला असता त्यो?"

"असा हळू बोलला नसता. त्याला कायम घाई. पाणी प्यायचं तर उभ्यानं. ह्यो माणूस घाईतला न्हाई."

 आई उठून स्वयंपाकाला लागली. बाबा जेवून दुपारच्या गाडीनं परत गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले तेव्हा तिथल्या कर्ण्यावर गाड्यांची नावं चालली होती. आम्ही दोघंही दुसरीकडे बघत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मला दोष सापडला. क्लॉकचा वेग ठरवणारं रजिस्टर, म्हणजे चिपमधली आकडा लिहून ठेवायची जागा, एकच होतं आणि दोन्ही कोर त्यात लिहीत होते. पहिला बरोबर आकडा लिहायचा. दुसऱ्याच्या कोडात जुन्या एका डब्यातल्या चार ओळी तशाच राहिल्या होत्या, त्या डब्याचा वेग निम्मा होता. त्या ओळी मीच उचलून आणल्या होत्या. सुरू होताना जो मागाहून लिहील, त्याचं खरं. पहिल्याला तयार व्हायला कधी थोडा कमी वेळ लागायचा, कधी जास्त, म्हणून कधी हा, कधी तो. दुसऱ्या कोरनं त्या रजिस्टरला हात लावायचा नाही आणि पहिला तयार झाल्याचं सांगेपर्यंत थांबायचं, एवढंच करायचं होतं.

पुढच्या सकाळी मॅडमचा फोन आला. "सापडलं का?"

"नाही अजून," मी म्हणाले.

मी कामात खोटं बोलत नाही. ते दोन दिवस मी बोलले. दोन्ही दिवस आई दुपारी येऊन बसली. पहिल्या दिवशी मोठा तीनदा आला. दुसऱ्या दिवशी मी कितीदा तरी सुरू केला, एकदाही आला नाही. आई वाट बघत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की मी हे रोज करत राहीन. वीज बंद, वीज चालू, वर्षभरसुद्धा, आणि आम्ही दोघी त्या खुर्चीत आणि त्या टेबलाशी म्हाताऱ्या होऊ.

"आई, मला चूक सापडलीय," मी म्हणाले. "परवाच सापडली."

"मग?"

"दुरुस्त केली की मोठा यायचा नाही."

तिनं थोडा वेळ बोर्डाकडे पाहिलं. "लोकाचं काम हाय. करून टाक," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्यासमोर नको करू."

ती बाजारात गेली तेव्हा मी चार ओळी खोडल्या आणि थांबायची एक ओळ घातली. मग वीस वेळा बोर्ड सुरू केला. वीसही वेळा लहान आला, पडद्यावर ठोके सरळ रांगेत. चाचणी पास, असं लिहून मी पुण्याला पाठवलं. मॅडमनी एक अंगठा पाठवला.

आई परत आली आणि भाजी निवडायला बसली. त्या आठवड्यात ती एकदाही दुपारी खोलीत आली नाही. मग एके दिवशी मोबाईल घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला.

"लहान घालून दे ह्यात."

मी घालून दिला. ती कधी ऐकते, मला ठाऊक नाही. मी तिला ऐकताना पाहिलेलं नाही. मी आता चाचणीला नुसता एका सुराचा आवाज वापरते, जो कुणाचाच नाही. तरी कधी बोर्ड सुरू करते आणि स्पीकर बोलायच्या आधी क्षणभर नुसता श्वासासारखा आवाज येतो, तेव्हा माझा हात तिथंच थांबतो.