कुडातली शूटिंग रेंज

शेजारी कारवीच्या काटक्यांची भिंत, म्हणजे कूड, सारवतायत. त्या शेणमातीच्या वासाने मी थेट किन्हवलीच्या घरात पोचलो. ताईची जिल्ह्याची निवड चाचणी आठवड्यावर आली होती आणि जिल्ह्याचे क्रीडा अधिकारी साहेब म्हणाले होते, नेमबाजी शहरातल्या पोरींनी करावी. का? आमच्या पोरींना डोळे नाहीत? शाळेने एअर रायफल दिली होती, पण सरावाला दहा मीटर जागा कुठून आणायची? बाबांनी कोयता घेतला, रिकाम्या गोठ्याकडच्या कुडाला भोक पाडलं आणि पलीकडे तुसाची पोती रचून कागद टांगला.

“अवो, घराला भोक पाडता? इंचू-किरडू आत येल!” आई कडाडली.

ताईने ओटीवरून नेम धरला. छर्रा कागदाच्या मधोमध लागला. आम्ही नाचलो. सरकारकडे अर्ज न करता मिळालेली आमची ती पहिली सोय, हे आज कळतं.

आईने पदर खोचला. “भोक मोठं करा वो, पोरीला नीट दिसत नाय.”