यमुनाकाकूंच्या गाठ्या

गॅसवर पाक चढला की यमुनाकाकू कोणाला बोलू देत नसत. "गप रव्हा, मना आयकू दे," असं दरडावून त्या पातेल्याकडे कान करायच्या. बुडबुड्यांच्या आवाजावरून त्यांना पाक कळायचा. मग भिजवलेल्या लाकडी साच्यांत दोरा अंथरून त्यावर पाक ओतायचा आणि थोड्या वेळाने पांढरीशुभ्र फुलं, मोर, पानं असलेली गाठी उचलायची. पनवेलच्या बाजारात पाडव्याला गाठ्यांचे ढीग लागतात, पण काकू त्यांच्याकडे नाक मुरडून बघायच्या. "त्या गुडीला घाला. पोराच्या गल्यात घरचीच पायजे."

त्या माझ्या शेजारीण. एकटीच बाई, तोंडाने फटकळ. जिन्यात चप्पल काढली म्हणून माझ्या नवऱ्यालाही झापलेलं. त्यांची एकुलती एक लेक वंदना गव्हाणला दिलेली. मुलगी झाली आणि तापाचं निमित्त होऊन वंदना गेली. वर्षाच्या आत जावयाने दुसरं लग्न केलं. पोरगी बोलू लागली तशी त्याने काकूंना हात जोडून सांगितलं, "स्वरा हिलाच आई समजते. तिला जुना काय सांगू नका." काकूंनी शब्द दिला. मला त्या शब्दाची चीड यायची, अजून येते.

शब्द दिला तरी पाडव्याला नातीच्या गळ्यात आजोळची गाठी पडायलाच हवी. काकू डबा घेऊन गव्हाणला गेल्या. स्वरा दारातच खेळत होती. डबा बघून ती आत ओरडली, "आई, गाठीवाली आलीय!"

"मंग तू काय बोललीस?" त्या परतल्यावर मी विचारलं. काकूंशी बोलताना माझी भाषा त्यांच्यासारखी व्हायची.

"काय बोलनार? गाठीवालीच हाय, मी बोलली. गल्यात घातली. हसली पोर."

पुढची काही वर्षं काकू गाठीवालीच झाल्या. जन्मात एक गाठी विकली नाही त्या बाईने, पण नातीच्या गल्लीत शिरताना "गाठ्या घ्या, गाठ्या" अशी हाळी द्यायला शिकल्या. जावयाची दुसरी बायको काही लेक नव्हे, तरी बिचारी चहा द्यायची. जावई आत निघून जायचा.

यंदा काकू भर दुपारी परत आल्या. डबा तसाच भरलेला. गव्हाणचं घर बिल्डरला देऊन ती मंडळी उलव्याला टॉवरमध्ये राहायला गेली होती. काकू पत्ता काढत तिथवर पोचल्या, तर गेटवरच्या वॉचमनने अडवलं. फेरीवाल्यांना आत सोडत नाहीत म्हणे. वर गॅलरीत एक मुलगी उभी होती. ती स्वरा होती की नव्हती, काकूंना कळलं नाही.

मी वैतागले. "अगं, आजी हाय म्हणून सांगायचं ना त्याला!"

काकूंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"कोनाची?" त्या म्हणाल्या.