जव्हारहून मोखाड्याला

“लोकेशन झकास आहे. फक्त ही माणसं कधी हलतात ते बघायचं!”

मोरीच्या खिडकीबाहेर एक बाई नवऱ्याला सांगत होत्या. आत मी भांडी घासत होते. ती ‘माणसं’ म्हणजे आम्ही! मालककाकांनी आमचं भाड्याचं घर या मुंबईच्या जोडप्याला विकलं, त्या वर्षी असे किस्से साचतच गेले. घर सुटलं, किस्से मात्र सामानाबरोबर आले.

* * *

काका घर विकल्याचं सांगायला आले आणि स्वतःच रडायला लागले. सासूबाईंनी चहा पुढे केला.

“वाईट वाटून घेऊ नका हो. आम्ही जातो ना!”

काका डोळे पुसून गेले. सासूबाई रिकामा कप धरून तशाच उभ्या.

“अगं बाई, हे मी काय बोलून बसले!”

* * *

मुंबईचे बंगलेवाले आल्यापासून जव्हारची भाडी आमच्या ह्यांच्या क्लार्कच्या पगारात बसेनात. शेवटी मोखाड्याला दोन खोल्या मिळाल्या.

जव्हारच्या बाजारातही तेच. पोशेरा गावाहून येणाऱ्या मावशींनी करवंदांच्या वाट्याचा भाव दुप्पट सांगितला. सासूबाई भडकल्या, “मावशी, मी इथलीच!”

“मंग त्या गाडीवाल्या बाईच्या मागं कशाला उभी राह्यलीस? तिच्यासमोर तुला कमी कसा सांगू?”

* * *

बोहाड्यात, म्हणजे आमच्या देवीच्या उत्सवात, मुखवटे चढवून नाचतात. त्यातलं रावणाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. नव्या मालकांनी सासऱ्यांना विचारलं, “बोहाडा शनिवारी ठेवता येईल का? आमचे पाहुणे येतायत.”

सासरे गंभीरपणे म्हणाले, “देवीला विचारतो. तिचेही पाहुणे असतील तर?”

मग आत येऊन मुखवटा फडक्यात गुंडाळत बसले. गाव सुटणार म्हणून सोंग त्यांच्या चुलतभावाकडे द्यायचं ठरलं होतं.

* * *

माझं माहेर दोन आळ्या पलीकडे. हाकेच्या अंतरावर म्हणून तर आईने हे स्थळ पसंत केलं! मोखाड्याचं सांगितलं, तर ती तांदूळच निवडत राहिली.

“गावातच दिली म्हणून पाठवणीला रडले नव्हते गं. आता ते राहिलेलं रडायचं!”

* * *

निघायच्या दिवशी टेम्पो भरला. आई पोचवायला आली होती. सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या. तेवढ्यात दारात क्वालिस गाडी थांबली. नव्या मालकीणबाई मैत्रिणींना घर दाखवायला घेऊन आल्या होत्या.

“इथे बघण्यासारखं काय आहे गं?” एका मैत्रिणीने विचारलं.

“हिला विचार ना. ही लोकल आहे!”

बाईंसमोर मी आजवर एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

“सध्या आम्हीच आहोत,” मी म्हणाले. “टेम्पो सुटायच्या आत बघून घ्या.”