टर्बोपुढे कूलरची ताटी

गाडीवेड्यांनो, आज बडनेरा रोडच्या माझ्या गॅरेजात अकोल्याचा एक गिऱ्हाईक टर्बोवाली स्पोर्ट्स कार घेऊन आला. मागे मीच तिच्या टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवून दिला होता. आता ट्रॅकवर पळवायला अजून पॉवर पाहिजे म्हणे.

टेस्टला नेली, तर इंजिन तापलं आणि पॉवर उलट कमी झाली. भर उन्हात बंपर काढला, बोटं भाजली. पाहतो तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपुढे घरच्या कूलरची वाळ्याची ताटी बांधलेली!

"हे काहून केलं, भाऊ?"

"घरातली हवा गार करते, मंग इंजिनची काहून नाही? येताना वाटेत मूर्तिजापूरले थांबून ताटीवर पाणीबी मारलं."

माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं. "अरे बाप्पा, ताटीनं हवाच अडली. गाडी गुदमरून राहिली."

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. आवाज मलाही ऐकू आला. "कूलरची ताटी कुठी नेली रे? कालपासून उकडून राहिलं मले."

मी ताटी सोडून त्याच्या हातात दिली. "पॉवरचं मंग पाहू. आधी हे घरी नेऊन लाव."

तुमच्या हौसेपायी घरात कोण उकडून राहिलं, पाहिलं का कधी?